बंडखोर वयातलं मूल आणि घर: पालकांचे नेहमीचे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. पालक आत येतात, खुर्ची ओढतात आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं: “मॅडम, आमचं ऐकतच नाही हो.” त्यापुढचे प्रश्नही एव्हाना पाठ झालेत. ते इथे एकत्र करून ठेवले आहेत. सलग वाचायलाच हवं असं नाही, ज्याची नड असेल तिथून सुरू करा. माझी स्वतःची मुलगीही या वयातून गेली आहे, त्यामुळे काही उत्तरं टेबलाच्या अलीकडची आहेत आणि काही पलीकडची.

मूल बंडखोर झालंय की हे वयच असं असतं?

बहुतेकदा वयच असतं. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वर्षांना किशोरवय म्हणते, आणि या काळात कधी ना कधी घरात दार आपटतंच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी १९०४ मध्ये या वयाचं वर्णन वादळ आणि ताणाचा काळ असं केलं, आणि ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे १९९९ मध्ये जेफ्री अर्नेट यांनी तोवरचं संशोधन पुन्हा तपासून पाहिलं. आई-वडिलांशी खटके उडणं, मनाचे झोके, जिवावरची धाडसं या वयात वाढतात हे खरं, पण ते प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असं नाही, असं त्यांनी मांडलं. तेव्हा “सगळ्यांचीच मुलं अशी असतात” म्हणून सोडून देऊ नका, आणि एका उलट उत्तरावरून “हाताबाहेर गेला” असंही ठरवू नका.

मी पालकांना भांडणं मोजायला सांगत नाही. भांडणानंतर काय होतं ते विचारते. रात्री तणतणत खोलीत गेलेली मुलगी सकाळी “आई, माझी निळी वही पाहिलीस का गं?” असं विचारते का? विचारत असेल तर धागा शाबूत आहे. चार-चार दिवस अबोला राहत असेल, जुने मित्र सुटले असतील, जीव की प्राण असलेला खेळ अचानक बंद झाला असेल, तर मात्र सगळं वयावर ढकलू नका.

कालपर्यंत मागे मागे फिरणारा मुलगा आज तुसड्यासारखा बोलतो. त्याच्या डोक्यात नेमकं चाललंय तरी काय?

बरंच काही चाललंय, आणि तेही वेगवेगळ्या वेगाने. भावना आणि मजा यांच्याशी संबंधित मेंदूचे भाग या वयात जोरात असतात. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. याचा अर्थ मुलांना अक्कल नसते असा नाही. शांत बसवून विचारलंत तर पंधरा-सोळाचं मूल जवळजवळ मोठ्यांइतकाच नीट विचार करतं. गडबड होते ती डोकं तापल्यावर आणि मित्र बघत असताना.

हे फार छान दाखवून देणारा एक प्रयोग मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. एकटं खेळताना किशोरवयीन मुलांनी मोठ्यांपेक्षा काही फार वेडं धाडस केलं नाही. पण मित्र शेजारी उभे राहिले, आणि त्याच मुलांनी जवळपास दुप्पट धोका पत्करला. चोवीसच्या पुढच्या लोकांवर मित्र असण्या-नसण्याचा तसा परिणाम दिसला नाही. “घरी इतका शहाण्यासारखा वागतो, बाहेर गेला की काय होतं कोण जाणे” ही तुमची तक्रार यात बसते. तो खोटं वागत नसतो, दोन्ही तोच असतो.

झोपेचंही बघा. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. सहा तासांवर ओढणारं मूल सकाळी सातला गोड बोलेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

सगळं मित्रच ठरवतात म्हणे. मग आम्ही घसा कोरडा करून उपयोग काय?

घसा कोरडा करून खरंच फार उपयोग नाही. पण घराचा उपयोग आहे.

केस कसे कापायचे, कोणतं गाणं ऐकायचं, कोणता शब्द सध्या चालतो आणि कोणता “जुनाट” झाला, हे मित्र ठरवतात. त्यात तुम्ही हरणार, आणि हरलात तरी काही बिघडत नाही. शिक्षणाचं काय करायचं, अडचणीत कुणाकडे जायचं, माणसांशी कसं वागायचं, याचा पाया घरी पडतो. शिवाय मित्र निवडतानाही घर मध्ये असतं, फक्त दिसत नाही. ज्या मुलाला घरी किंमत आहे त्याला कुठल्याही टोळक्यात शिरून किंमत मिळवायची फारशी गरज वाटत नाही.

धाक हवा की मोकळीक?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की उत्तर छापून भिंतीवर लावावं असं वाटतं. प्रश्नच चुकलाय. धाक आणि मोकळीक ही तराजूची दोन पारडी नव्हेत, की एक वर गेलं की दुसरं खाली आलंच पाहिजे.

डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात घरांचे तीन प्रकार मांडले. एका प्रकारात फक्त हुकूम: “मी सांगतो म्हणून.” दुसऱ्यात फक्त लाड, कशालाच नाही नाही. तिसऱ्यात नियम पक्के असतात, पण ते का आहेत हे सांगितलं जातं, मुलाचं म्हणणं ऐकलं जातं आणि जिव्हाळा कधी काढून घेतला जात नाही. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यात चौथा प्रकार जोडला: ना नियम, ना जिव्हाळा, मूल आपलं आपण वाढतंय. त्यानंतर या विषयावर ढिगाने अभ्यास झाले. त्यांत सगळ्यात चांगली निभावणारी मुलं बहुतेकदा तिसऱ्या घरातली असतात, सगळ्यात जास्त भरकटणारी चौथ्या घरातली.

मला स्वतःला पहिल्या घराची जास्त काळजी वाटते, कारण ते बाहेरून फार छान दिसतं. मूल खाली मान घालून बसलेलं, पाहुण्यांसमोर एक शब्द नाही. तिथलं बंड दिसत नाही, साठत जातं. धाक ज्याचा आहे तो माणूस घरात असेपर्यंतच टिकतो. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर पडलं की त्या मुलाला स्वतःला “नको” म्हणायची सवयच नसते, कारण आजवर ते काम बाबा करत होते.

“सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखं वागवावं” हे संस्कृत वचन अनेक वडील मला ऐकवतात. त्याच श्लोकात त्याआधीची दहा वर्षं मुलाला बडवायला सांगितलंय हे कुणी सांगत नाही! दहा वर्षं मार खाल्लेलं मूल सोळाव्या वाढदिवसाला तुमचा मित्र कसं होणार, हे त्या श्लोककर्त्यालाच ठाऊक.

मग नियम किती ठेवायचे? आमच्याकडे तर दर दोन मिनिटांनी वाद होतो.

दर दोन मिनिटांनी वाद होत असेल तर नियम जास्त झालेत.

ज्युडिथ स्मेटाना यांनी पालक आणि मुलांच्या वादांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या कामातली एक गोष्ट मी फार वापरते. वाद बहुतेक वेळा योग्य-अयोग्याचा नसतोच, तो हद्दीचा असतो. खोलीतला पसारा ही आईच्या लेखी घराच्या शिस्तीची बाब असते, आणि मुलीच्या लेखी ती तिची खाजगी बाब असते. दोघी आपापल्या जागी खऱ्या बोलत असतात, म्हणून तर वाद संपत नाही.

एक कागद घ्या आणि गेल्या आठवड्यातले वाद लिहून काढा. जिथे जिवाला, शरीराला किंवा दुसऱ्या माणसाला इजा होऊ शकते तिथे नियम तुमचा, आणि तो रडून-ओरडून बदलणार नाही. हेल्मेटशिवाय गाडी नाही. दारू प्यायलेल्याच्या मागे बसायचं नाही. कुठे आहेस ते कळवायचं. जिथे घरातल्या इतरांची सोय-गैरसोय आहे तिथे बसून ठरवा, थोडं तुमचं, थोडं त्याचं. आणि केस, कपडे, भिंतीवरची चित्रं, कपाटाचा खालचा कप्पा हे त्याचं. त्यात बोलू नका. फारच असह्य झालं तर खोलीचं दार ओढून घ्या.

कागदावर तिसऱ्या यादीतल्या वादांची संख्या पाहून अनेक पालक ओशाळतात. एका वडिलांच्या यादीत सतरा वाद होते, त्यातले अकरा केसांवरून.

तो बाहेर काय करतो यावर लक्ष कसं ठेवायचं?

या सगळ्या पानावरचा हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी अभ्यासकांचंही म्हणणं असं होतं की ज्या पालकांना मुलाची बितंबातमी असते त्यांची मुलं कमी भरकटतात, म्हणून पालकांनी पाळत ठेवावी. २००० मध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधली चौदा वर्षांची सुमारे सातशे मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडून माहिती घेतली आणि एक साधा प्रश्न केला: या पालकांना ही माहिती मिळते तरी कुठून? उत्तर पाळतीतून, उलटतपासणीतून किंवा कडक नियमांतून आलं नाही. माहिती मुख्यतः मूल आपणहून सांगतं तेव्हा मिळते. म्हणजे सुरक्षित ठेवणारी गोष्ट तुमचा पहारा नाही, त्याचं सांगणं आहे.

आता ते सांगणं कसं बंद पडतं ते बघा. एक पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील माझ्यासमोर बसले होते. वडील सांगत होते, “आमच्यात अगदी मोकळं वातावरण आहे. यानेच मला एकदा सांगितलं की वर्गातल्या एकाने सिगारेट आणली होती.” मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? “मी म्हटलं, तू ओढलीस का? खरं सांग. नाव काय त्याचं? उद्याच त्याच्या बापाला फोन करतो.” मुलगा खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमध्ये बोट घालून आतला स्पंज उकरत होता. मी त्याला विचारलं, त्यानंतर बाबांना काय काय सांगितलंस? तो खाली बघूनच म्हणाला, “काही नाही. तसं काही झालंच नाही.” दीड वर्षात काहीच झालं नव्हतं म्हणे. शाळेकडे असलेली नोंद वेगळं सांगत होती.

वडील दुष्ट नव्हते, घाबरले होते. पण मुलाने त्या संध्याकाळी एक बातमी दाराशी आणून ठेवली होती, घरात घेतात का ते पाहायला. ती घेतली गेली नाही, म्हणून पुढच्या बातम्या दुसरीकडे गेल्या.

मुलाने असं काही सांगितलं तर पहिलं मिनिट सांभाळा. चेहरा शक्य तितका साधा ठेवा आणि एवढंच विचारा, “मग? पुढे काय झालं?” तो बोलेल. मध्येच थांबला तर थांबू द्या. तुमचं मत सांगायचंच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी सांगितलंत तरी चालतं, आणि दुसऱ्या दिवशी ते निम्म्या शब्दांत मावतं. समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा शेजारी शेजारी बोलणं सोपं जातं: गाडीत, चालताना, भांडी पुसताना. नजर द्यावी लागत नाही ना.

पण मोबाइल तपासायला काय हरकत आहे? शेवटी आम्ही पालक आहोत.

दहा-अकराच्या मुलाला फोन देताना “हा मी अधूनमधून बघणार” असं सांगून बघत असाल तर हरकत नाही. तो नियम झाला. सोळाच्या मुलीचा फोन ती अंघोळीला गेल्यावर बघणं ही चोरी झाली, आणि ती पकडली जाते. पकडली गेली की मुलगी सुधारत नाही, दुसरं खातं उघडते.

हे मी अनुभवाने सांगते. मुलगी चौदा वर्षांची असताना मी तिची डायरी वाचली. गादी झटकताना सापडली, उघडली, दोन पानं वाचली आणि ठेवून दिली. त्यात भयंकर असं काही नव्हतं. एक मैत्रीण तुटली होती आणि माझ्याबद्दल तीन कडक वाक्यं होती. संध्याकाळी मला राहवलं नाही, मी तिलाच सांगून टाकलं. तिने आकांडतांडव केलं नाही. तिने डायरी लिहिणंच सोडलं, आणि मला काही सांगणंही. बोलणं पुन्हा रुळावर यायला जवळपास एक वर्ष लागलं. दिवसभर इतरांच्या मुलांचं ऐकून मी घरी यायचे आणि माझी मुलगी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायची.

याला अपवाद आहे. जिवाला धोका आहे असं मानायला ठोस कारण असेल, कुणी मोठा माणूस तिला जाळ्यात ओढतोय असं दिसत असेल, तर बघा. पण बघितल्याचं लपवू नका आणि का बघितलं ते सांगा.

कुठल्याही विषयावर बोलायला गेलं की भांडणच होतं. का?

कारण दोघांनाही ते भांडण पाठ झालंय. गेराल्ड पॅटरसन यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये अशा कुटुंबांचं प्रत्यक्ष घरात जाऊन निरीक्षण केलं आणि १९८२ मध्ये त्याची साखळी उलगडून दाखवली. पालक काहीतरी सांगतात, मूल वैतागतं. पालक आवाज चढवतात, मूल त्याहून चढवतं. शेवटी पालक दमून म्हणतात, “जाऊ दे, कर काय करायचं ते.” शांतता होते. मुलाने काय शिकलं? पुरेसा आरडाओरडा केला की सुटका होते. पालकांनी काय शिकलं? माघार घेतली की घर शांत होतं. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून उद्या पुन्हा तेच, जरा वरच्या पट्टीत.

साखळी तोडायची तर ती पहिल्या-दुसऱ्या कडीलाच तोडावी लागते. “आत्ता दोघांचंही डोकं तापलंय, नऊ वाजता बोलू” असं म्हणून खरोखर उठून जा आणि नऊ वाजता खरोखर बोला. नऊ वाजता बोलायला विसरलात तर ती माघारच झाली.

आणि वाक्यं बघा हो आपली. “तुला काय कमी केलं आम्ही?” याचं उत्तर कुणी देऊ शकतं का? “तुझ्या वयाचे असताना आम्ही…” इथे कान बंद होतात. “तो बघ शेजारचा” यातून शेजारच्या मुलाबद्दल द्वेष तेवढा तयार होतो. “नेहमी” आणि “कधीच” हे दोन शब्द तर आठवडाभर उपास घालून बघाच. “तू कधीच वेळेवर येत नाहीस” म्हटलं की तो मागच्या महिन्यात वेळेवर आलेले दोन दिवस काढतो आणि वाद तिकडे जातो. “काल साडेनऊ ठरले होते, तू अकराला आलास, मी दीड तास खिडकीत होते” याला काढण्यासारखं काही नसतं.

सरळ तोंडावर खोटं बोलते. त्याचं काय?

खोटं बोलणं चूकच आहे. पण एकदा हिशोब करून बघा की तुमच्या घरी खरं बोलण्याची शिक्षा किती आणि खोटं पकडलं गेल्याची किती. दोन्ही सारख्याच असतील तर कुठलंही व्यवहारी मूल खोटं बोलून नशीब आजमावेल. आपणहून कबूल केलं तर परिणाम हलका आणि लपवलं तर जड, हे आधी सांगा आणि पाळा. उत्तर माहीत असताना सापळा लावून “कुठे होतीस?” असं विचारू नका. “मला कळलंय की तू क्लासला गेली नाहीस” इथूनच सुरू करा.

कधी कधी एक ठेवून दिली तर? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

नको. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये जवळपास पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एक लाख साठ हजारांवर मुलांची माहिती होती. नुसत्या चापट्यांचासुद्धा चांगल्या वागण्याशी संबंध दिसला नाही. आक्रमकपणा, मनाचे त्रास, पालकांशी बिघडलेलं नातं यांच्याशी दिसला. तुम्ही मार खाऊन मोठे झालात हे खरं. माराने मोठे झालात का, हे मला माहीत नाही.

आणि व्यवहाराचं सांगायचं तर सोळाच्या मुलावर हात उगारला की एक दिवस तो तुमचं मनगट धरतो. तो क्षण दोघांनाही विसरता येत नाही.

वाईट संगतीत आहे. मित्र तोडायला लावू का?

“त्याच्याशी बोलायचं नाही” म्हटलंत की तो मित्र रातोरात जिवलग होतो. स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकं तेच करायला धावतो. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये या ओढीचा सिद्धान्तच मांडला, आणि तो मोठ्यांनाही लागू पडतो.

त्यापेक्षा त्या मित्राला घरी येऊ द्या. निम्म्या वेळा तुमचंच मत बदलतं. उरलेल्या वेळी तुमच्या मुलालाच तो मित्र तुमच्या घराच्या उजेडात वेगळा दिसतो. वागण्यावर बोला, माणसावर नको. “तो वायाच गेलेला आहे” याऐवजी “त्याने तुझ्याकडून पैसे घेतले आणि परत केले नाहीत, तुला कसं वाटलं?” आणि दुसरीकडे जागा तयार करा: खेळ, नाटकाचा गट, गिर्यारोहण, मावसभावंडं. संगत नुसती काढून घेता येत नाही, तिच्या जागी दुसरी यावी लागते.

एकदा चांगली दहशत बसवावी, नाहीतर सरळ वसतिगृहात टाकावं, असं नातेवाईक म्हणतात.

दहशतीचा प्रयोग होऊन गेलाय. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम चालले. पुढे काटेकोर चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असं दिसलं की काहीच न केलेल्या मुलांपेक्षा घाबरवून आणलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले.

वसतिगृह वाईट नसतं. मुलाला तिथे जायचं असेल, तिथे काही मिळणार असेल, तर जरूर. शिक्षा म्हणून पाठवलंत तर त्याच्यापर्यंत एकच निरोप पोचतो: आम्ही हात टेकले.

आई एक सांगते, वडील दुसरं, आजी तिसरंच. मूल फायदा घेतं.

घेणारच, तुम्हीही घेतला असता. तीन-चार नियमांवर मोठ्यांनी मुलाच्या मागे बसून एकमत करा, बाकीच्यात फरक राहू दे. आजीचं घरातलं स्थान मात्र काढून घेऊ नका. पुष्कळ मुलं आई-वडिलांना न सांगितलेलं आजीला सांगतात, आणि ते आजीच्या पोटात राहिलं तर घराचं भलंच होतं.

मी एकटीच मुलाला वाढवते. वडिलांची कमतरता भरून निघेल का?

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं, व्यसन अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेली मुलंही त्यात होती. त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश मुलं जबाबदार, माया करणारी माणसं म्हणून मोठी झाली. या मुलांमध्ये वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना जीव लावणारं, न सोडणारं किमान एक मोठं माणूस होतं. ते दर वेळी आई किंवा वडीलच होते असं नाही. आजी-आजोबा होते, मावशी होती, कुठे एखादे शिक्षक होते. तुम्ही एकट्या आहात म्हणून मुलात कमतरता येते असं नाही. तुम्ही मात्र दमता. एखादा मामा, एखादी शेजारीण, खेळाचे सर यांना जवळ येऊ द्या, तुमच्यासाठीच.

मोठी मुलगी सरळ, धाकटा असा. संस्कार तर सारखेच. आमचं कुठे चुकलं?

संस्कार सारखे असतील, मुलं सारखी नसतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा मागोवा घेतला तेव्हा स्वभावातला फरक तान्हेपणापासूनच दिसला. कुणी अंगाने शांत, कुणी जन्मजात हट्टी. महत्त्वाचं ठरलं ते त्या स्वभावाचं आणि घराचं जुळतं किती. मोठीला जे अंगरख्यासारखं बसलं ते धाकट्याला काखेत काचत असेल.

अपराधी वाटून घेणाऱ्या पालकांना मी आणखी एक गोष्ट सांगते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्याच्या आधाराने टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन गट मांडले: थोडी मुलं लहानपणापासून आणि पुढेही आडमार्गाने जाणारी, आणि पुष्कळ मुलं फक्त या वयापुरती वाकडी चालणारी. दुसऱ्या गटातली बहुतेक पुढे आपोआप सरळ होतात. अडकून पडतात ती या चार-पाच वर्षांत असं काही करून बसलेली, जे मागे घेता येत नाही: व्यसन, अर्धवट सुटलेलं शिक्षण, पोलिसांतली नोंद. घराचं काम म्हणूनच मला फार मोठं वाटत नाही. मूल घडवण्याचा आव सोडा. या वर्षांतलं पडणं परतीच्या अंतरावर राहील एवढं बघा.

रागाच्या भरात फार बोललो. मुलाची माफी मागितली तर डोक्यावर बसेल का?

नाही बसणार. “काल मी जे बोललो ते चुकलं. नियम तोच राहील, पण ते शब्द मी वापरायला नको होते.” एवढंच. त्यापुढे “पण तूसुद्धा…” जोडू नका, नाहीतर माफी परत घेतल्यासारखं होतं.

तज्ज्ञांकडे कधी जायचं?

खाणं-झोपणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, मूल सगळ्यांपासून तुटलं असेल, शाळेचं नाव काढलं की अंगावर येत असेल, नशा करत असेल, घरातून पळून जात असेल किंवा घरात मारहाण करत असेल, तर वाट पाहू नका. मनाच्या आजारांपैकी जवळपास निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात असं २००५ मध्ये रोनाल्ड केस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. तुम्हाला जो उद्धटपणा वाटतो ते कधी कधी नैराश्य असतं. या वयात ते रडण्यापेक्षा चिडचिडीतूनच जास्त दिसतं.

अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा “मी नसतो तर बरं झालं असतं” असं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तोवर एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा. “जीव द्यावासा वाटतो का?” असं स्पष्ट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही; उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल सुटकेचा श्वास टाकतं, हे मी पाहिलंय.

मूल यायला तयार नसेल तर आधी तुम्ही जा. कुटुंबासोबत करायच्या उपचारपद्धती आहेतच, आणि बऱ्याचदा दोन-तीन भेटींत पालक बदलले की मूल कुतूहलाने का होईना, येतं.

हे सगळं मुलाला वाचायला देऊ का?

देऊ नका. दिलंत की तोही एक उपदेश झाला. टेबलावर उघडं राहिलं आणि त्याने स्वतःहून वाचलं तर गोष्ट वेगळी.

माझ्या मुलीने असंच वाचलं. ती आता तेवीस वर्षांची आहे. मोबाइलच्या प्रश्नापाशी थांबली आणि म्हणाली, “दोन पानं नव्हती आई. पूर्ण वही वाचली होतीस. मागच्या पानावर तुझ्या तेलाच्या बोटाचा डाग होता.”